क्लास ए आणि क्लास एबी : फरक शून्याजवळचा

रात्री अकरानंतर घर शांत झालं की मी तानपुऱ्याचं एक रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावतो. गाणं नाही, तबला नाही, नुसत्या चार तारा. नवा किंवा दुरुस्त केलेला अँप्लिफायर हातात आला की त्याची परीक्षा माझ्याकडे अशीच होते. ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं की अँपमध्ये दम किती आहे ते कळतं. पण क्लास ए आणि क्लास एबी या अँप्लिफायरच्या दोन प्रकारांत जो काही खरा फरक आहे, तो त्या दणदणाटात हाती लागत नाही. लागलाच तर तार छेडून झाल्यावर आवाज विरत जातो ना, त्या शेवटच्या सेकंदात लागतो.

हा विषय निघाला की दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, क्लास ए म्हणजे साजूक तूप आणि बाकी सगळं डालडा. दुसरे म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ, वॉट तो वॉट. मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. सर्किटमध्ये फरक आहे, मीटरवर तो दिसतो आणि काही परिस्थितीत कानालाही जाणवतो. पण तो कुठून येतो हे कळलं नाही, तर माणूस भलत्याच गोष्टीवर पैसे घालवून बसतो. म्हणून जरा मुळापासून बघू.

दोघी आणि एक खुंटा

स्पीकरचा पडदा पुढे जातो, मध्यावर येतो, मागे जातो, पुन्हा मध्यावर येतो. हे झालं लहरीचं एक आवर्तन. बहुतेक अँप्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्यावर ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक ट्रान्झिस्टर प्रवाह स्पीकरकडे ढकलतो तेव्हा पडदा पुढे जातो, दुसरा प्रवाह ओढून घेतो तेव्हा मागे येतो.

आता जातं आठवा. समोरासमोर दोघी बसल्यात, मध्ये खुंटा. खुंट्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश, आणि अँप्लिफायरचे वर्गसुद्धा या अंशांवरूनच ठरतात : एका आवर्तनातले किती अंश ट्रान्झिस्टर कामावर असतो?

क्लास ए मध्ये दोघींचे हात पूर्ण फेराभर खुंट्यावर असतात. एकीचा जोर वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो, पण हात कोणीच सोडत नाही. एकटीनेच पूर्ण फेरा ओढायचा, असाही क्लास ए असतो. त्याला सिंगल-एंडेड म्हणतात. क्लास बी मध्ये अर्धा फेरा हिचा, अर्धा तिचा. आपला अर्धा झाला की हात काढायचा. श्रम बरेच वाचतात. पण एकीने हात काढला आणि दुसरीचा अजून नीट बसला नाही, त्या क्षणी जातं अडखळतं, आणि तेवढं पीठ भरड येतं. एबी हा त्यावरचा व्यवहारी तोडगा. आपला अर्धा फेरा संपला तरी थोडा वेळ हात खुंट्यावर राहू द्यायचा, समोरचीने घट्ट धरला की मगच काढायचा.

ते अडखळणं म्हणजेच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन, हात बदलतानाची विकृती, आणि ते बरोबर लहर शून्यातून जाते तिथे होतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आकड्यांत बघू. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही. शुद्ध क्लास बी मध्ये शून्याच्या वर ०.६ आणि खाली ०.६ व्होल्ट एवढ्या पट्ट्यात दोघीही झोपलेल्या असतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये १ वॉट जातो तेव्हा लहरीचं टोक ४ व्होल्टपर्यंत पोचतं, म्हणजे मधला भाग खाल्ला गेला तरी लहर ओळखू येते. पण वॉटचा शंभरावा भाग घ्या. तिथे टोकच ०.४ व्होल्टचं. म्हणजे काही उपाय केला नाही तर तो अख्खा आवाज गिळला जाईल. खड्डा तेवढाच राहतो आणि लहर लहान होत जाते. बाकीची बहुतेक विकृती आवाज वाढवला की वाढते. ही एक अशी आहे की आवाज कमी केला की तिचं प्रमाण वाढतं.

आणि घरात आपण ऐकतो किती वॉटला? ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर एका वॉटमध्ये, एका मीटरवर, ८८ डेसिबल आवाज देतो. तो चांगलाच मोठा आहे. रात्रीचं ऐकणं वॉटच्या शंभराव्या भागात सहज भागतं. शंभर वॉटचा अँप घेऊन आपण आयुष्य घालवतो ते त्या पहिल्या वॉटच्याही आत.

तापण्याचा हिशेब

ट्रान्झिस्टरला झोपूच द्यायचं नाही, संगीत नसतानाही त्यातून थोडा प्रवाह चालू ठेवायचा, याला बायस म्हणतात. क्लास ए आणि एबी मधला भेद शेवटी या बायसच्या मापाचा आहे.

२५ वॉट, ८ ओहम असं गणित मांडू. टोकाचा प्रवाह येतो २.५ अँपिअर, टोकाचं व्होल्टेज २० व्होल्ट. थोडी जागा हवी म्हणून पुरवठा अधिक-उणे २४, म्हणजे एकूण ४८ व्होल्टचा धरू. जोडीने चालणाऱ्या क्लास ए मध्ये बायस टोकाच्या निम्मा लागतो, १.२५ अँपिअर. ४८ गुणिले १.२५ म्हणजे ६० वॉट, एका चॅनेलला. स्टिरिओला १२०. सिंगल-एंडेड असेल तर बायस पूर्ण २.५ अँपिअर, आणि स्टिरिओचा खर्च २४० वॉट. तेही गाणं वाजो न वाजो. रोज चार तास लावलात तर महिन्याला पहिल्याचे १४ युनिट, दुसऱ्याचे जवळजवळ २९. तेवढ्याच ताकदीचा एबी अँप शांत असताना दर चॅनेलला पाच-सहा वॉटमध्ये बसून राहतो.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. क्लास ए अँप सर्वांत जास्त तापतो तो गप्प असताना. पुरवठ्यातून तो सारखाच प्रवाह ओढतो. गाणं सुरू झालं की त्यातला थोडा भाग स्पीकरकडे जातो आणि तेवढी उष्णता ट्रान्झिस्टरवरून उतरते. गाणं थांबवलं की सगळीच्या सगळी हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांवर.

याच हिशेबातून खोटे दावे पकडता येतात. कोणी शंभर वॉटचा स्टिरिओ 'प्युअर क्लास ए' विकत असेल तर गणिताने तो अँप नुसता चालू ठेवल्यावर ४५० वॉटच्या आसपास खायला हवा. तो खोका अर्धा तास चालू ठेवून त्यावर हात ठेवा. कोमट लागला तर ते नाव फक्त खोक्यावर आहे.

आणि खरा क्लास ए सुद्धा सगळीकडे क्लास ए नसतो. वरचाच २५ वॉटचा जोडीचा अँप घ्या आणि त्याला ४ ओहमचा स्पीकर लावा. बायस १.२५ अँपिअरच आहे, म्हणजे २.५ अँपिअरच्या टोकापर्यंतच दोघींचे हात खुंट्यावर. ४ ओहममध्ये ते होतात साडेबारा वॉट. त्यापुढे तो एबी सारखाच वागतो. म्हणजे ही दोन वेगळी गावं नाहीत, एकाच रस्त्यावरची दोन अंतरं आहेत.

विकृतीला सूर असतो

अँप्लिफायरच्या विकृतीचा आकडा छापलेला असतो, ०.०१ टक्के वगैरे. तो आकडा कानाबद्दल फार काही सांगत नाही, कारण विकृती म्हणजे मूळ आवाजात नसलेले सूर, आणि ते कोणते सूर आहेत यावर सगळं अवलंबून आहे. इथे तानपुरा समजावतो तसं दुसरं काहीच समजावत नाही.

षड्ज १४० हर्ट्झचा धरा. त्याची दुप्पट २८०, तो वरचा सा. तिप्पट ४२०, तो पंचम. चौपट पुन्हा सा. पाचपट ७००, तो शुद्ध गंधार. सुरेल जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडताच ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. सातपट ९८०, आणि इथे गडबड सुरू होते, कारण हा सूर कोमल निषादापेक्षाही उतरलेला आहे. नऊपट म्हणजे रिषभ. वर जावं तसे हे सूर एकमेकांच्या जवळ येतात आणि मूळ सुराशी त्यांचं नातं सैल होत जातं.

साध्या सिंगल-एंडेड क्लास ए ची विकृती मुख्यतः दुप्पट सुराची असते. सा मध्ये थोडा वरचा सा मिसळला तर कान त्याला विकृती म्हणतच नाही, 'भरीव' म्हणतो. शून्यापाशी अडखळणाऱ्या अँपचं तसं नाही. तिथली लहर एकदम मोडते, आणि अशी तीक्ष्ण मोडतोड पाच, सात, नऊ, अकरा अशा वरच्या विषम पटींचे सूर तयार करते. त्यातही विरत्या आवाजात, जिथे ते झाकायला दुसरं काहीच नसतं. तानपुऱ्याची जवारी अशा वेळी वाळूसारखी कोरडी लागते.

पण म्हणून दुप्पट सुराची विकृती निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. ते एका सुरापुरतं खरं आहे. दोन सूर एकत्र आले की तोच अँप त्यांची बेरीज आणि वजाबाकीही करतो. सा १४० आणि पंचम २१० असेल तर वजाबाकी ७०, म्हणजे खर्जाचा सा, आणि बेरीज ३५०, म्हणजे गंधार. फार छान. आता यमन घ्या. तानपुऱ्याचा सा १४०, गवयाचा तीव्र मध्यम १९६ च्या आसपास. बेरीज ३३६, आणि तो आहे कोमल गंधार! यमनचा गंधार शुद्ध. म्हणजे अँप्लिफायर रागाबाहेरचा सूर हळूच घालतोय. चांगल्या अँपमध्ये हे प्रमाण इतकं कमी असतं की ऐकू येत नाही. पण ज्यांना विकृतीच गोड वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

'ट्रान्झिस्टरचा आवाज' ही बदनामी कुठून आली

१९६० च्या दशकात घरगुती अँपमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, जाऊन ट्रान्झिस्टर आले. तेव्हा जोडीत बसतील असे दोन उलट जातीचे चांगले ट्रान्झिस्टर मिळणं अवघड होतं. बायस तापमानाबरोबर सरकायचा. कागदावर विकृती कमी दिसायची, कारण ती मोजली जायची पूर्ण ताकदीवर, जिथे क्रॉसओव्हरचा खड्डा दिसत नाही. घरी आणून हळू आवाजात लावलं की कान दुखायचे. लोकांचे कान बरोबर होते, मोजण्याची जागा चुकली होती.

त्यावर १९६९ मध्ये जॉन लिन्स्ले हूड या ब्रिटिश इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक साधं सर्किट दिलं. एका चॅनेलला चार ट्रान्झिस्टर, दहा वॉट, क्लास ए. ८ ओहमसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे दहा वॉट आवाजासाठी अखंड ३२ वॉट खर्च. व्हॉल्व्हच्या जमान्यातला १९४७ चा विल्यमसनचा अँप त्याने मापदंड म्हणून डोळ्यासमोर ठेवला होता. हा छोटा अँप आजही जगभर हौशी लोक सोल्डरिंग आयर्न घेऊन बांधतात. मीही बांधलाय, २एन३०५५ हे ट्रान्झिस्टर वापरून. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं सामान मिळालं, फक्त हीटसिंक भंगारातून शोधावा लागला.

म्हणजे क्लास ए ची कीर्ती खोटी नव्हती. तेव्हाच्या वाईट एबी समोर तो खरंच वेगळा वाजायचा. प्रश्न असा की आजच्या चांगल्या एबी समोर?

पाव वॉटापर्यंत दोघेही सारखेच

आजच्या ठरावीक एबी अँपमध्ये प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला, म्हणजे प्रवाह जातो त्या तीनपैकी एका पायाला, ०.२२ ओहमचा जाड रेझिस्टर असतो. अशा टप्प्यात हात बदलण्याची क्रिया सर्वांत गुळगुळीत केव्हा होते हे गणिताने काढता येतं : त्या रेझिस्टरवर सुमारे २६ मिलिव्होल्ट पडतात तेव्हा. म्हणजे बायस ११८ मिलिअँपिअर. त्यावरून काढलं तर टोकाचा प्रवाह २३६ मिलिअँपिअर होईपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर चालू राहतात. ८ ओहममध्ये तो होतो पाव वॉटाच्या जरासा आत.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. रात्री हळू आवाजात तानपुरा ऐकताना नीट जुळवलेला एबी अँप क्लास ए मध्येच चालत असतो. ज्या भागात क्रॉसओव्हर सर्वांत जास्त टोचतो त्या भागात तो होतच नाही. होतो तो पुढे, आवाज मोठा असताना, आणि तिथे मूळ आवाजच इतका असतो की खड्डा प्रमाणाने नगण्य ठरतो. शिवाय फीडबॅक त्याला आणखी दाबतो. फीडबॅक म्हणजे बाहेर आलेला आवाज आत गेलेल्याशी ताडून चूक सुधारणं. फार वरच्या पट्टीत फीडबॅकचा जोर कमी पडतो, म्हणून उरलासुरला खरखरीतपणा असलाच तर झांजेच्या, टाळाच्या आवाजात असतो.

मग बायस अजून वाढवावा का? पुष्कळ जणांना वाटतं, जास्त बायस म्हणजे क्लास ए च्या जास्त जवळ, म्हणजे जास्त चांगलं. इथे फसगत आहे. दोघी मिळून खुंटा धरतात तेव्हा जातं किंचित हलकं फिरतं. एकीने सोडला की किंचित जड. आकड्यांत, ०.२२ ओहमचे दोन्ही रेझिस्टर कामावर असताना मिळून ०.११, एकच असताना ०.२२. फीडबॅकच्या आधी हा फरक सव्वा टक्क्याच्या घरात जातो. बायस वाढवला की ही पायरी शून्यापासून दूर, मोठ्या आवाजात सरकते आणि जास्त ठळक होते. ब्रिटिश इंजिनिअर डग्लस सेल्फ यांनी ही गोष्ट मापं घेऊन फार काटेकोरपणे मांडली आहे. त्यांचं म्हणणं असं, की एक तर बायस बरोबर त्या गुळगुळीत बिंदूवर ठेवा, नाहीतर पूर्ण क्लास ए ला जा. मधल्यामधे 'हाय बायस' म्हणून जे विकलं जातं ते दोन्हीकडचं वाईट पदरात घेऊ शकतं. माझा अनुभवही हेच सांगतो.

एबी ची एक खरी अडचण मात्र आहे, ती तापमानाची. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याची जागं होण्याची गरज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते, म्हणजे त्याच बायसला तो जास्त प्रवाह सोडतो, म्हणून आणखी तापतो. हे आवरायला बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच कसलेला असतो, म्हणजे त्यालाही ताप कळावा. पण जाडजूड ॲल्युमिनियममधून ताप पोचायला वेळ लागतो. जोरदार द्रुत संपून पुढचा आलाप सुरू झाला तर पहिला काही वेळ बायस मागच्याच गोंधळात असतो. क्लास ए ला हा त्रास जवळजवळ नाही, त्याचा पारा कायम चढलेलाच असतो. क्लास ए च्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच वाटतो, आणि जाहिरातीत तो कधी दिसत नाही.

टेबलावर

चार वर्षांपूर्वी एक जुना एबी अँप हाती आला. कंपनी नावाजलेली, हीटसिंक सुंदर, वजन भरपूर. मोठ्या आवाजात उत्तम. रात्री तानपुरा लावला तर तार विरताना प्रत्येक वेळी शेवटी एक बारीक 'खर्र' यायचं, कागदावर नख ओढल्यासारखं. आधीचा मालक मला म्हणाला होता, "क्लास एबी आहे, एवढं चालायचंच." 

झाकण काढलं. स्पीकर सोडवले, आवाज शून्यावर नेला, मीटर २०० मिलिव्होल्टवर लावून एमिटरच्या त्या पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरच्या दोन टोकांना हुक अडकवले. आकडा आला दीड मिलिव्होल्ट. म्हणजे जेमतेम ७ मिलिअँपिअर. अँप नावालाच एबी होता, चालत होता क्लास बी मध्ये. बायस कमी-जास्त करायच्या छोट्या स्क्रूचा, म्हणजे प्रीसेटचा, आतला सरकता संपर्क काळा पडला होता. नवा मल्टिटर्न प्रीसेट चहाच्या दोन-तीन कपांच्या किमतीत येतो. तो बसवला, कमीत कमी बायसवर ठेवून अँप चालू केला, आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा देत गेलो. ५, ९, १४. मग हात आखडता घेऊन वीस मिनिटं झाकण ठेवून बसलो, कारण गरम झाल्यावरचाच आकडा खरा. आकडा स्वतःहून १८ वर गेला. पुन्हा किंचित फेरा, पुन्हा वाट. शेवटी दोन्ही चॅनेल सव्वीसच्या आसपास स्थिरावले. 

त्या रात्री तीच तार ऐकली. शेवटपर्यंत तारच ऐकू आली, आणि नंतर खोलीतल्या पंख्याचा आवाज.

घरी हे करायचं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा आधी बघा, प्रत्येक सर्किटचा वेगळा असतो. मीटरचं टोक घसरून शेजारच्या पायाला लागलं तर एका क्षणात आउटपुट जोडी जाते, म्हणून टोकं हाताने धरू नका, हुक लावा. आत जीवघेणं व्होल्टेज असतं. सवय नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे द्या आणि 'बायस तपासा' एवढंच सांगा.

मग लोकांना ऐकू येतं ते काय?

बरंच काही येतं, फक्त त्याचं श्रेय क्लासला जातं.

सर्वांत मोठं कारण अँपचा स्वतःचा अंतर्गत अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. क्लास ए म्हणून ज्यांचं कौतुक होतं त्यांतले बरेच अँप, विशेषतः एकाच व्हॉल्व्हचे, फीडबॅक न घेता चालतात आणि त्यांचा अडथळा २ ओहमसुद्धा असू शकतो. स्पीकर '८ ओहम' म्हणवतो खरा, पण एखाद्या पट्टीत तो ५ असतो आणि दुसऱ्या पट्टीत ३०. २ ओहमच्या अँपवर या दोन ठिकाणच्या आवाजात सव्वादोन डेसिबलपेक्षा जास्त फरक पडतो. टोन कंट्रोल फिरवल्यासारखंच आहे हे, सहज ऐकू येतं, आणि स्पीकर बदलला की फरकही बदलतो. ०.०५ ओहमच्या साध्या एबी वर तोच फरक डेसिबलचा दहावा भागही होत नाही. 'क्लास ए मुळे मधला आवाज पुढे आला' असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा पुष्कळदा हे घडलेलं असतं.

दुसरं कारण आवाजाची पातळी. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा अँप 'मोठा' वाटत नाही. तो 'खुला', 'भरीव', 'जिवंत' वाटतो. दुकानात दोन अँपची तुलना होते तेव्हा दोघांचे नॉब नजरेनेच जुळवलेले असतात.

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांचे अँप घेऊन डोळे झाकून तुलना केली होती. एक १९५० च्या दशकातला व्हॉल्व्हचा, एक साठच्या दशकातला ट्रान्झिस्टरचा आणि एक तेव्हाचा नवा ४०५. ऐकणाऱ्यांची निवड नाणं फेकल्यासारखीच निघाली. यावरून सगळे अँप सारखे असतात असं मी म्हणत नाही. माझ्या टेबलावर दीड मिलिव्होल्टचा अँप होताच. पण नीट बनवलेले, ताकदीच्या मर्यादेत चालवलेले आणि आवाजाला काटेकोर जुळवलेले अँप ओळखणं किती कठीण आहे हे त्यातून कळतं.

घरी करून बघा. फोनवरून ४०० हर्ट्झचा सूर दोन्ही अँपना द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत जुळवा, म्हणजे पातळी डेसिबलच्या दहाव्या भागात आली. मग घरातल्या कोणाला तरी अँप बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. बदलला की नाही हेही त्याने सांगायचं नाही. ऐकायला तानपुरा, पियानोचा लांब विरता सूर, गर्दी नसलेलं काहीही घ्या. आणि एकदोनदा नाही, वीसदा तरी करा.

मी हे माझ्या दहा वॉटच्या क्लास ए वर आणि दुरुस्त केलेल्या एबी वर केलं, बायकोने अदलाबदल केली. पहिल्या चार-पाच वेळा मला अगदी खात्री वाटत होती. शेवटी वही बघितली तर माझी उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर. मग हट्टाने एबी चा बायस पुन्हा दीड मिलिव्होल्टवर आणला आणि तीच परीक्षा दिली. तेव्हा विरत्या तारेवर एकदाही चुकलो नाही.

कोणी विचारलं की काय घ्यावं, तर मी आधी स्पीकर आणि खोली विचारतो. पैसे मर्यादित असतील तर चांगला एबी घ्या आणि उरलेले स्पीकरमध्ये घाला. तो फरक पाठ करूनही ऐकू येतो. क्लास ए घ्यायचा असेल तर त्याला चारही बाजूंनी हवा लागेल अशी जागा आधी शोधा, बंद कपाटात ठेवू नका. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडची खोलीच ३६-३७ अंशांपासून सुरुवात करते.

माझा दहा वॉटचा अँप नोव्हेंबर ते फेब्रुवारी टेबलावर असतो. हीटसिंकजवळ बसून ऐकायला बरं वाटतं, आणि स्वतःच्या हाताने बांधलेला आहे. मार्च लागला की तो कपाटात जातो आणि एबी बाहेर येतो. बाहेर काढला की आधी वीस मिनिटं गरम होऊ देतो, आणि मीटर लावून सव्वीस बघतो.